आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारचा स्पर गिअर सारखा सारखा जातोय? नवीन शोधायच्या किंवा करून घ्यायच्या आधी हे बघा (कोल्हापूर)

प्रॉब्लेम नेहमीचाच आहे. मोटर फुल्ल ओरडतेय, गाडी जागची हलत नाही, खालून कर्रर्र आवाज. उघडून बघितलं की स्पर गिअरचे (मोटरवरच्या लहान पिनियननं फिरणारा मोठा गिअर) चार-पाच दात साफ. नवीन मागवला, बसवला, थोडे दिवस चालला की परत तेच, आणि मग एक दिवस कळतं की त्या मॉडेलचा स्पेअर यायचाच बंद झालाय. स्वस्तातल्या १/१६, १/१८ चायनीज गाड्यांचं हे ठरलेलं आहे, गाडी बाजारात दोन-तीन वर्षं असते, नंतर कंपनी नवीन मॉडेल काढते आणि जुन्याचे पार्ट कुठेच नाहीत.

मग आपण काय करतो, तुटका गिअर खिशात टाकून उद्यमनगर गाठतो. कोल्हापुरात राहून गिअर मिळत नाही म्हणजे काय, सगळी फौंड्री आणि लेथची पंढरी इथं. पण तिथं जाऊन "मामा, असलाच एक करून द्या की" म्हटलं की मामा तो तुकडा बोटावर घेऊन बघतात, हसतात आणि परत देतात. त्यांचं चुकत नाही. त्यांच्याकडं रोजचं काम दोन, तीन, चार मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप), पंपाचं, ट्रॅक्टरचं, लूमचं. आपला गिअर ०.६ मॉड्यूलचा. त्या मापाचा हॉब (दात पाडायचं हत्यार) नाही, कटर नाही, आणि नुसत्या तुटक्या तुकड्यावरनं कुणी माप काढत बसणार नाही. आकडे घेऊन गेलात तर मात्र तेच मामा वेगळं बोलतात. म्हणून आधी मापं.

मॉड्यूल काढायला एक व्हर्नियर पाहिजे, डिजिटल असला तर बरं. गिअरचे दात मोजा, बाहेरचा व्यास मोजा, व्यासाला (दात अधिक २) नं भागा. आलं ते मॉड्यूल. उदाहरणार्थ ३८ दात आणि बाहेरचा व्यास २४.० मिमी, तर २४ भागिले ४० म्हणजे ०.६. इतकंच आहे, पण यात दोन खोड्या आहेत. एक, दात विषम असतील तर व्हर्नियरच्या एका बाजूला दात येतो आणि समोर खाच, त्यामुळं माप थोडं कमी दिसतं, १३ दाताच्या पिनियनला साधारण दीड टक्का कमी. दोन, लहान पिनियनला बऱ्याच वेळा दाताला मुद्दाम करेक्शन दिलेलं असतं म्हणजे व्यास हिशोबापेक्षा जास्त ठेवलेला असतो, कारण २० डिग्री प्रेशर अँगलला (दाताच्या बाजूचा कोन) १७ पेक्षा कमी दात असले की दाताचं बूड कापलं जातं, ते टाळायला. म्हणून माप नेहमी मोठ्या गिअरवरनं घ्या, पिनियनवरनं काढलेल्या मॉड्यूलवर विश्वास ठेवू नका.

मोठा गिअर पार चुरा झाला असेल तर? तुकडे कागदावर फेविक्विकनं जोडून दात मोजता येतात बहुतेक वेळा. आणि ताळा करायला सेंटर डिस्टन्स आहेच. दोन शाफ्टच्या बाहेरून बाहेर माप घ्या, दोन्ही शाफ्टचा अर्धा-अर्धा व्यास वजा करा, हे झालं सेंटर डिस्टन्स. ते मॉड्यूल गुणिले दोन्हीच्या दातांची बेरीज भागिले २ एवढं यायला पाहिजे. ३८ आणि १७ दात, ०.६ मॉड्यूल, म्हणजे १६.५ मिमी. तुमचं माप यापासून लांब असेल तर कुठंतरी दात मोजायला गफलत झालीय, परत मोजा.

आता ज्यामुळं निम्म्या लोकांचे गिअर जातात ते सांगतो. अमेरिकन पद्धतीच्या गाड्यांत मॉड्यूल नसतं, पिच असतो (व्यासाच्या एका इंचामागं किती दात), ४८ पिच, ३२ पिच वगैरे. २५.४ ला पिचनं भागलं की मॉड्यूल येतं. ३२ पिच म्हणजे ०.७९४, हे ०.८ मॉड्यूलबरोबर चालून जातं, कुणाला कळत पण नाही. पण ४८ पिच म्हणजे ०.५२९ आणि लोक ते ०.५ मॉड्यूलबरोबर लावतात कारण डोळ्याला दोन्ही सेम दिसतात. सहा टक्के फरक आहे भावांनो. हातानं फिरवून बघितलं तर फिरतंय, थ्रॉटल दिला की प्लॅस्टिकवाला जातो. तामियाच्या टीटी-०२ ला ०.६ मॉड्यूल आहे (किटमध्ये ७० चा स्पर आणि २२ चा पिनियन येतो), ट्रॅक्ससच्या टू व्हील ड्राइव्ह स्लॅशला ४८ पिच. म्हणजे मित्राच्या गाडीतला उसना पिनियन घालायच्या आधी तो कुठल्या घरचा आहे हे विचारा. ऑनलाइन मागवताना पण "फिट्स ऑल १/१६" असं लिहिलेल्या मालाला हात लावू नका, मॉड्यूल, दात, बोअर (मधलं भोक) आणि जाडी हे चारही लिहिलेलं असेल तरच घ्या.

बोअरचं पण बघा. १३० साइजच्या लहान मोटरचा शाफ्ट २ मिमी, ३७०-३८० चा २.३ मिमी, ५४० चा ३.१७ मिमी, १/८ च्या मोठ्या ब्रशलेसचा ५ मिमी. २.३ च्या शाफ्टवर २ चा पिनियन हातोडीनं ठोकून बसवणारे महाभाग आहेत, त्यात मोटरच्या मागची कॅप आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती रिंग) जातं. प्रेस-फिट (दाबून बसवायचा) पिनियन असेल तर शाफ्टच्या मागच्या टोकाला टेकू देऊनच दाबायचा, पितळी असेल तर सोल्डरिंग आयर्ननं जरा गरम केला की गप बसतो. काढायला पुलर वापरा, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका.

आता नवीन गिअर हातात यायच्या आधी जुना का गेला ते शोधा, नाहीतर पैसे घालवायचा हा धंदा असाच चालू राहणार. तुटलेल्या गिअरकडं बघूनच बरंच कळतं. एकाच ठिकाणचे तीन-चार दात मुळातून तुटलेत आणि बाकी गिअर नवा दिसतोय, तर झटका बसलाय, उडी मारून फुल्ल थ्रॉटलमध्ये जमिनीवर आलाय, किंवा चाक अडकलं असताना थ्रॉटल दाबलाय, किंवा स्लिपर क्लच (झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा) इतका आवळलाय की तो स्लिप व्हायचं विसरलाय. सगळे दात सारखेच झिजून टोकदार झालेत तर मेश (दोन गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसलेत ते) लूज आहे किंवा आत धूळ आहे. दाताच्या फक्त एका बाजूनं, म्हणजे जाडीच्या अर्ध्याच भागात खाल्लंय तर मोटर तिरकी बसलीय. आणि दात वितळल्यासारखे, चकाकी आलेले दिसले तर मेश टाइट आहे, किंवा मोटर इतकी तापतेय की पिनियनमधून उष्णता गिअरला जातेय. टू सेलच्या गाडीला थ्री सेलची लिपो बॅटरी लावली असेल तर मग बोलायलाच नको, त्या गिअरची काय चूक.

मेश सेट करायची कागदाची पट्टी ही जुनी युक्ती आहे आणि अजून तिच्याइतकं सोपं काही सापडलेलं नाही. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घालायची, मोटर दाबून धरून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी काढायची. पट्टीवर घड्या पडल्या पाहिजेत पण फाटली नाही पाहिजे. आणि हे गिअर पूर्ण एक चक्कर फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, एका ठिकाणी टाइट आणि दुसरीकडं लूज लागत असेल तर गिअर सेंटरला नाही किंवा शाफ्ट वाकलाय. शाफ्ट काचेवर लोळवून बघा, लगेच कळतं.

बुश पण बघा. स्वस्त गाड्यांत बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकची नाहीतर पितळेची बुश असतात, ती झिजली की शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की मेश बदलतो, आणि आपण मात्र गिअरला शिव्या देतोय. शाफ्ट धरून वर-खाली हलवा, खट खट लागलं तर बुशच्या जागी बॉल बेअरिंग घाला. ५ बाय १० बाय ४ ला बेअरिंगच्या दुकानात एमआर१०५ म्हणून मागायचं. पिनियनचा एम३ ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावरच आला पाहिजे आणि निळं थ्रेडलॉकर लावा, लालवालं नको, नंतर निघत नाही.

आणि माती. तपोवनच्या मैदानात गाडी पळवा नाहीतर पन्हाळ्याच्या तांबड्या मातीत, बारीक खडा उघड्या गिअरमध्ये जाणारच. यावर लोक ग्रीस थापतात, तेच उलटं होतं, ग्रीसला धूळ चिकटून पॉलिशिंग पेस्ट तयार होते आणि ती दात खाते. उघडा स्पर कोरडाच ठेवा, ब्रशनं साफ करा. ग्रीस फक्त बंद डिफरन्शियलच्या (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) आत. स्परवर झाकण नसेल तर जुन्या बाटलीच्या प्लॅस्टिकचं कापून लावा, दिसायला घाण दिसतं पण काम करतं.

आता मिळवायचं कुठनं. नवीन न मिळाल्यास पहिला पर्याय भंगार. बंद पडलेले इंकजेट प्रिंटर आणि झेरॉक्स मशिन उघडा, आत पांढऱ्या गिअरचा खजिना असतो, त्यातले कितीतरी लहान मॉड्यूलचे, आणि मटेरियल बहुतेक असिटल म्हणजे डेल्रिनच्या जातीचं कडक प्लॅस्टिक, दमदार. रिपेअरवाल्यांना सांगून ठेवलं तर डब्बाभर गोळा होतात. फक्त तिथं पण तिरके दात म्हणजे हेलिकल भरपूर असतात, ते सरळ दाताच्या पिनियनबरोबर चालत नाहीत.

दुसरा पर्याय लई लोकांना सुचत नाही. नेमकं तेच मॉड्यूल कशाला पाहिजे? जोडीच बदला. सेंटर डिस्टन्स १६.५ आहे ना, ०.५ मॉड्यूलमध्ये दातांची बेरीज ६६ आली की झालं. ४६ चा स्पर आणि २० चा पिनियन घाला. आधीचा रेशो ३८/१७ म्हणजे २.२४ होता, आता २.३. टॉप स्पीड तीनेक टक्के कमी, ते कुणाच्या बापाला कळत नाही. ०.५ चे पिनियन आणि स्पर ०.६ पेक्षा सहज मिळतात. मोटरचे होल लांबट असतील तर ४८ पिचमध्ये पण जमतं, ६२ दातांची बेरीज घेतली की सेंटर १६.४ येतं, मोटर ०.१ नं सरकवायची. होल गोल आणि फिक्स असतील तर मात्र हिशोब तंतोतंत लागला पाहिजे. स्परच्या मधलं माउंटिंग वेगळं असेल तर लेथवर जुन्या गिअरचा हब ठेवून त्यावर नवीन रिंग बसवायची, हे काम कुठल्याही लेथवाल्याला जमतं.

तिसरा पर्याय, करून घ्यायचा. थ्रीडी प्रिंटरवाले मित्र लगेच म्हणतात मी देतो की काढून. ०.६ मॉड्यूलच्या दाताची जाडी पिच सर्कलवर ०.९४ मिमी असते. ०.४ च्या नोझलनं त्यात जेमतेम दोन रेघा बसतात, दात म्हणजे दोन दोरे एकमेकाला चिकटवलेले. वर पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक) असेल तर ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, मोटर माउंट तेवढं आरामात तापतं. १ मॉड्यूल आणि वर असेल तर ठीक, त्याखाली ०.२ चं नोझल पाहिजे किंवा पीए१२ नायलॉनचं पावडर प्रिंटिंग बाहेरून मागवा. साधं रेझिन काचेसारखं फुटतं, टफ रेझिन बरं. प्रिंटचा एक उपयोग मात्र भारी आहे, धातूत किंवा डेल्रिनमध्ये करायच्या आधी प्रिंट काढून बसवून बघायचं की सेंटर बरोबर येतंय का. ड्रॉइंगला फ्रीकॅड फुकट आहे, त्यात इन्व्होल्यूट (नेहमीच्या वक्र दाताचा) गिअर दात-मॉड्यूल टाकून तयार मिळतो.

मिलिंगवर करायचं तर डिव्हायडिंग हेडवाला (गोल जॉब सारख्या भागांत फिरवायचं साधन) मिस्त्री शोधा, उद्यमनगर, वाय. पी. पोवार नगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही सापडेल. हॉबिंगवाल्याकडं जाऊ नका, एका पीससाठी तो मशिन सेट करणार नाही. ०.६ चा कटर तुम्हीच ऑनलाइन मागवून न्यायचा, आणि इथं एक खड्डा आहे. इन्व्होल्यूट कटरचा सेट आठचा असतो, प्रत्येक कटर ठरावीक दातांसाठी. पिचच्या सेटमध्ये ३५ ते ५४ दातांना ३ नंबर लागतो. मॉड्यूलच्या सेटमध्ये नंबर बऱ्याचदा उलटे असतात, तिथं ३ नंबर म्हणजे १७ ते २० दातवाला. नुसतं "तीन नंबर द्या" म्हटलं की चुकीचा यायचा. कटरवर दातांची रेंज कोरलेली असते, ती वाचून घ्या. कटर नाहीच मिळाला तर जुना मिस्त्री एचएसएसचा टूल चांगल्या दाताच्या खाचेत घासून-बघून फ्लाय कटर (एकाच दात्याचा कटर) बनवतो. प्लॅस्टिकला ते पुरतं.

मटेरियल म्हणून डेल्रिनचा रॉड घ्या. नायलॉन स्वस्त पडतं पण पाणी पितं आणि फुगतं, आपल्याकडं जून ते सप्टेंबर गांधी मैदानाचं तळं होतं त्या हवेत उन्हाळ्यात बरोबर बसलेला नायलॉनचा गिअर टाइट होतो. डेल्रिन त्यामानानं फारच कमी पाणी घेतं आणि कूलंटशिवाय लोण्यासारखं कापलं जातं.

मिस्त्रीला कागदावर लिहून द्यायचं ते असं: दात ३८, मॉड्यूल ०.६, बाहेरचा व्यास २४.०, कटची खोली १.३५ (मॉड्यूल गुणिले २.२५), बोअर, जाडी. आधी बोअर, मग मँड्रेलवर (बोअरमधून गिअर धरणारा दांडा) चढवून बाहेरचा व्यास आणि त्याच मँड्रेलवर दात, हा क्रम सोडू नका, नाहीतर गिअर डुलतो. ४० ला एक वाल्या डिव्हायडिंग हेडवर ३८ दाताला १९ होलच्या सर्कलवर एक पूर्ण फेरा आणि एक होल, हे त्यांना माहीत असतंच पण तुम्ही सांगितलं की मामा जरा नीट बघतात तुमच्याकडं. आणि एकच गिअर करून घेऊ नका. पैसे सेटिंगचे लागतात, मटेरियलचे नाही. ३०-४० मिमी लांब रॉडवर एकदाच दात पाडून घ्या आणि मग लेथवर ५-५ मिमीचे काप कापून घ्या. तेवढ्याच सेटिंगमध्ये चार-पाच गिअर निघतात. मित्राची गाडी सेम असेल तर खर्च निम्मा.

स्टीलचा पिनियन पाहिजे असेल तर वायरकटवाल्याकडं (विजेच्या ठिणगीनं तारेनं धातू कापणारं मशिन) जा, डायवाल्यांच्या कामासाठी शिरोली भागात ती मशिन असतात. ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल द्यायची. पाव मिलिमीटरची वायर ०.६ च्या खाचेत बसते. फक्त वायरकटवर धातूच कापतो, डेल्रिन घेऊन गेलात तर परत पाठवतील.

डिफरन्शियलच्या आतले बेव्हल गिअर मात्र करून घ्यायच्या नादाला लागू नका. त्याचा दात बाहेरून आत बारीक होत जातो, साध्या कटरनं तो नीट येत नाही, त्याला वेगळं मशिन लागतं. ते गेले की पूर्ण डिफच दुसऱ्या गाडीचा बसतोय का बघा, केसची बाहेरची मापं आणि आउटपुट कपची लांबी जुळली की बाकी शिम (पातळ वॉशर) घालून जमवता येतं.

राहिला नेहमीचा प्रश्न, सगळंच मेटल टाकू का. पिनियन मेटलचा, स्पर प्लॅस्टिकचा, असंच ठेवा. स्पर पण मेटल केला की झटका पुढं जातो आणि डॉगबोन (चाक फिरवणारा दांडा), डिफ नाहीतर मोटरचा शाफ्ट जातो, आणि त्या वस्तू उद्यमनगरातले मामा पण करून देणार नाहीत. स्पर डेल्रिनचा असेल तर तुटल्यावर डब्यातला दुसरा काप काढायचा, पट्टी घालून मेश लावायचा, दहा मिनिटांचं काम.